चहा नको म्हणायची चोरी

आमच्या जांबे गावात एखाद्या पोरीला दिवस गेलेत की नाही हे कळायला सोनोग्राफी लागत नाही. एक कप चहा पुरतो. माझ्या चुलत सासूबाई, ज्यांना सगळी आळी काकी म्हणते, त्या यातल्या तज्ज्ञ. कुणाच्याही सुनेपुढं त्या कप धरतात आणि तिच्या नाकाकडं बघत राहतात. नाक आक्रसलं, कप मागं सरला, ‘नको, आत्ता नको’ असं तोंडातून निघालं, की काकींचा निकाल तयार. संध्याकाळपर्यंत तो डेअरीपासून मारुतीच्या देवळापर्यंत पोचलेला असतो. आजवर आपला एकही निकाल चुकलेला नाही, असं काकी स्वतःच सांगतात. एकदा एका मुलीला नुसतं पित्त झालं होतं आणि तिच्या माहेरी पेढे मागायला माणूस गेला होता, ते त्या धरत नाहीत.

आणि माझ्या डॉक्टरबाईंनी मला नेमकं हेच करायला सांगितलं होतं. सकाळी उठल्याबरोबर चहाला नको म्हणायचं.

माझ्या गळ्यातलं थायरॉइड कामचुकार आहे, हे मला आदल्या वर्षी कळलं, तेही उशिरा. तोवर मी स्वतःला जन्मजात झोपाळू, थंडीनं कुडकुडणारी आणि वाऱ्यावर वजन वाढणारी बाई समजत होते. नवराही तसंच समजत होता; हे सगळं बघूनच आपण होकार दिला, असं तो वर म्हणायचा. मग मला पहिल्यांदा दिवस राहिले आणि दुसरा महिना सरता सरता ते गेलं. त्यानंतरच्या तपासण्यांत थायरॉइड सापडलं. रोजची एक बारीकशी पांढरी गोळी सुरू झाली आणि मी हळूहळू माणसांत आले.

वर्षभरानं पुन्हा दिवस राहिले. डॉक्टरबाईंनी लगेच गोळीची ताकद वाढवली. सुरुवातीला बाळाचं स्वतःचं थायरॉइड काम करत नसतं, ते सगळं आईच्याच जिवावर चाललेलं असतं, म्हणून आईच्या रक्तातला आकडा, जो थायरॉइड कमी पडलं की चढतो, तो आटोक्यात हवा, असं त्यांनी मला समजावलं. मग सहज विचारलं, “गोळीनंतर चहा किती वेळानं घेता?”

“पाचेक मिनिटांनी,” मी म्हणाले. तीही मी वाढवून सांगितली होती.

बाईंनी कपाळाला हात लावला. “उठल्या उठल्या गोळी, साध्या पाण्याबरोबर. मग तासभर काही नाही. चहा नाही, दूध नाही, बिस्किट नाही. पुढं लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या देईन, त्याही हिच्यापासून चार तास लांब. नाहीतर ही गोळी अंगी लागत नाही. महिन्यानं पुन्हा रक्त तपासू.”

मी मान हलवली. हिंजवडीच्या गार दवाखान्यात बसून तासभर म्हणजे फार काही वाटत नाही. त्यासाठी आमच्या अंगणात यावं लागतं.

आमचं घर पुढं, मागं दोन मजली खोल्या. जमीन होती तिथं आता भाडेकरू आहेत, सगळे कंपन्यांत जाणारे. राहिलेल्या तुकड्यात दोन म्हशी, त्यांच्या वैरणीपुरता घास आणि एक शेवगा. सकाळी या अंगणात जो पाय ठेवेल त्याला माझ्या सासूबाई चहा देतात. सासूला आमच्याकडं आत्या म्हणतात आणि सासऱ्यांना मामा, म्हणून मीही तेच म्हणते. टँकरवाला असो, विरजण मागायला आलेल्या काकी असोत, पाण्याची मोटार का लावली नाही म्हणून भांडायला आलेला भाडेकरू असो, आत्या आधी त्याच्या हातात कप देतात. कप मोजकेच आहेत, त्यामुळं पाच मिनिटांत रिकामा कप न्यायला त्या परत हजर होतात. चहा बाजूला ठेवून तासाभरानं प्यायची सोयच नाही.

मग आधी उठून गोळी घ्यायची, असं कुणीही म्हणेल. नवराही म्हणाला. त्याचं बरं होतं, तो कंपनीच्या लोकांना आणायला गाडी घेऊन अंधारातच निघून जायचा. मी कितीही आधी उठले तरी माझ्या दाराची कडी वाजली की स्वयंपाकघरात गॅस पेटायचा. आत्यांचे कान कडीला बांधलेले होते. आणि त्या दिवसांत मला झोप अशी यायची की आधी उठणं हे नुसतं बोलायचं काम.

राहता राहिला खरं सांगून टाकायचा मार्ग. तो तर बंदच होता. तिसरा महिना पुरा होईपर्यंत पोटातल्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही, हा आमच्या घरचा कायदा. बोललं की नजर लागते. आत्यांचा त्यावर इतका विश्वास की म्हैस गाभण राहिली तरी त्या पहिले काही महिने तिच्याबद्दल कुजबुजत बोलायच्या. पहिल्या वेळी मी आत्यांनासुद्धा सांगितलं नव्हतं. त्यामुळं जे गेलं ते कुणाला न कळताच गेलं. पोटात दुखतंय म्हणून दोन दिवस पडून राहिले आणि मग बालवाडीतल्या माझ्या नोकरीवर जाऊन पोरांना फळांची नावं शिकवली. या वेळी सांगून मला कुठलाही धोका पत्करायचा नव्हता. माझा नजरेवर विश्वास नाही. पण ज्याचं एकदा गेलंय त्याला विश्वास असायची गरज नसते, तो नुसता घाबरतो.

तेव्हा चहाला नको म्हणायचं नव्हतं आणि चहा प्यायचाही नव्हता. मी कामाला लागले.

पहिला चहा मी जास्वंदीच्या कुंडीत ओतला. दुसऱ्या दिवशी तिथं इतक्या मुंग्या लागल्या की आत्यांनी त्यांची शोधमोहीम काढली. तिसऱ्या दिवशी माझी नजर मामांवर गेली. मामा शेवग्याखाली लोखंडी खुर्चीवर बसले होते आणि हातातल्या कपाकडं सावकारानं बुडीत कर्जाकडं बघावं तसं बघत होते. मामांना साखरेचा त्रास. दोन वर्षांपासून आत्या त्यांना बिनसाखरेचा चहा देत होत्या आणि तो पिताना मामांच्या तोंडाकडं बघवत नसे. मी माझा कप घेऊन त्यांच्याजवळच्या कट्ट्यावर टेकले. आत्यांची पाठ वळली. मी माझा कप त्यांच्यासमोर धरला.

मामांनी का म्हणून विचारलं नाही. ज्याला दोन वर्षांनी गोड चहा मिळतो तो चौकशा करत बसत नाही. एका दमात कप रिकामा करून त्यांनी माझ्या हातात परत दिला, स्वतःचा शेवग्याच्या बुंध्याशी ओतला आणि तोंड पुसून आकाशाकडं बघू लागले. आत्या आल्या, दोन रिकामे कप घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी मामांनी माझ्यासाठी कट्ट्यावरची धूळ आधीच झटकून ठेवली होती.

असं आमचं बिनबोभाट चाललं. काकी रोज विरजणाच्या निमित्तानं येऊन माझा कप बघायच्या आणि तो रिकामा बघून हिरमुसून जायच्या. उलट्यांचाही बंदोबस्त मी केला होता. पोटात ढवळायला लागलं की आधी पाण्याची मोटार चालू करायची. तिच्या घरघरीत मागच्या खोल्यांतलं भांडणसुद्धा ऐकू येत नाही, माझी उलटी कुठं ऐकू येणार? त्या महिन्यात आमची टाकी दिवसातून तीनतीनदा भरून वाहिली. वरच्या मजल्यावरचा उत्तरेकडचा भाडेकरू मला हात जोडून म्हणाला, “भाभी, जब से आप मोटर देखती हो, पानी की कोई टेन्शन नहीं.” मी मान डोलावली. माझ्या घशाशी पुन्हा आलंच होतं.

याच सुमारास आत्यांनी एक नवी गोष्ट सुरू केली. जेवणं आटोपली की माझ्या उशाशी पाण्यानं भरलेला तांब्या ठेवायच्या. “उन्हाळा हाय. घसा सुकतुया,” एवढंच म्हणायच्या. मला ते फार आवडलं. सकाळी स्वयंपाकघरात न जाता गोळी घेता यायची. पाण्याला थोडी वेगळी चव लागायची, पण तेव्हा मला कशाची चव धड लागत होती? भाकरी शाडूची लागायची आणि टूथपेस्ट रॉकेलची. तांब्याच्या आतल्या अंगाला पांढुरका थर धरायचा, तर तो आमच्या बोअरच्या पाण्यानं सगळ्याच भांड्यांना धरतो. मी गोळी तोंडात टाकायचे, आत्यांच्या मायेचं पाणी वर प्यायचे आणि निर्धास्त मनानं चहा टाळायला बाहेर पडायचे.

महिना झाला. मी रक्त देऊन आले. त्याच दिवशी मामांच्याही साखरेची तपासणी होती, म्हणून नवऱ्यानं दोघांचे रिपोर्ट एकदमच आणले. मामांची साखर चढली होती. तिचं कारण मला ठाऊक होतं आणि त्याची थोडी लाजही वाटली. पण माझा आकडासुद्धा उतरायच्या ऐवजी चढला होता, आणि त्याचं कारण काही केल्या समजेना.

डॉक्टरबाईंनी रिपोर्ट दोनदा बघितला. “गोळी चुकते का मध्ये?”

“नाही.”

“चहा?”

“घेत नाही.”

“खरं सांगा.”

मला भयंकर राग आला. मी काय काय करून तो चहा टाळत होते हे या बाईंना कुठून कळणार? मी म्हणाले, “बाई, एक वेळ मी श्वास घ्यायचा विसरेन, पण गोळी विसरणार नाही.”  त्यांनी गोळी आणखी वाढवली आणि दोन आठवड्यांनी परत यायला सांगितलं. खाली येऊन गाडीत बसले आणि रडू कोसळलं.  मला वाटत होतं, मी सगळं जसंच्या तसं करतेय आणि तरीही हे हातातून जाणार. सांगितलेलं सगळं करून गेलं तर मग पुढच्या वेळी वेगळं काय करायचं? मला खूप भीती वाटली. तेवढी पहिल्या वेळीसुद्धा वाटली नव्हती, कारण पहिल्या वेळी काही कळायच्या आतच सगळं संपलं होतं.

घरी आत्यांचा तपास सुरू झाला होता. मामांची साखर चढली म्हणजे घरात कुठूनतरी गोड येतंय. त्यांनी आधी मामांच्या सदऱ्याचे खिसे उलटे केले, मग गुळाच्या डब्याची जागा बदलली, मग टँकरवाल्याला झापलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला चहा देऊन त्या आत गेल्या खऱ्या, पण स्वयंपाकघरात न जाता गोठ्याच्या बाजूनं वळसा घालून परत आल्या. मी कप पुढं केला होता, मामांनी तो ओठाला लावला होता, आणि म्हशीच्या मागून आत्या बाहेर आल्या.

मामांनी कप झटकन माझ्या हातात कोंबला. मिशीला चहा तसाच.

“मीच दिला,” मी म्हणाले.

“का?”

“मला नको होता.”

“नगं व्हता तर नगं म्हनावं. ह्या मानसाला कशापाई मारतीस?”

“नको म्हटलं असतं तर काकी...” मी म्हणाले आणि जीभ चावली.

आत्यांनी माझ्याकडं बघितलं, मग मामांकडं. “तुमी जरा म्हशीला वैरन टाका,” त्या म्हणाल्या. मामा सुटल्यासारखे उठले. जाताना माझ्या हातातला कप घेऊन गेले. आत्यांनी तेही बघितलं आणि सोडून दिलं.

मग त्या माझ्याशेजारी कट्ट्यावर बसल्या. आवाज अगदी खाली. “मला ठाव हाय.”

“काय?”

“हाय ते. दोन म्हयनं तू देवाफुडचा दिवा एक बी दिस चुकवला न्हाईस.”

पाळीच्या चार दिवसांत आमच्याकडं देवाला हात लावत नाहीत. मी चहा, उलटी, मोटार, सगळ्याचा विचार केला होता. देवघरातल्या दिव्याचा केला नव्हता.

“मग तुम्ही बोलला का नाहीत?”

“तू बोललीस व्हय? आन तीन म्हयनं बोलायचं नसतंय.” एवढं बोलून आत्यांची मान जराशी ताठ झाली. “पन मी काय हातावर हात ठिवून बसले न्हाई. माज्या परीनं करतीया की. रोज तुज्या तांब्यात चुन्याची निवळी घालतीया.”

“कसली?”

“चुन्याची. पानाचा चुना पान्यात भिजवायचा, खाली बसू द्यायचा, आन वरचं निवळ पानी घ्यायचं. लेकराची हाडं टनक व्हत्यात. माज्या आयनं मला दिली, मी नणंदंला दिली. तुला सांगूनशान द्यावं तर बोलावं लागलं असतं. म्हनून म्हनलं, घसा सुकतुया.”

मी कट्ट्यावर बसल्या बसल्या हिशेब लावला. चुना म्हणजे कॅल्शियम. कॅल्शियम गोळीपासून चार तास लांब. आणि मी रोज सकाळी गोळी तोंडात टाकून वरून घटाघटा चुनाच प्यायले होते. चहाच्या एका घोटासाठी मी सासऱ्यांची साखर वाढवली, टाकी ओसंडून वाहू दिली, जास्वंदीला मुंग्या लावल्या, आणि हे सगळं चाललं असताना ती गोळी रोज चुन्यात बुडवून गिळत होते.

“आत्या!” मी ओरडले. शेजारी काकींची खिडकी उघडल्याचा आवाज आला. मला वाटलं, आता मी या बाईंवर जन्मभराचं ओरडून घेणार. तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते हसू. मग त्यात रडणं मिसळलं. काकींच्या खिडकीकडं पाठ करून आम्ही दोघी घरात गेलो आणि मी डॉक्टरबाईंना फोन लावला.

घडलं ते सगळं सांगितलं. मग बाई म्हणाल्या, “चुना?”

“चुन्याची निवळी.”

“कधीपासून?”

मी आत्यांकडं बघितलं. “तांब्या ठिवाया लागले तवापासनं,” आत्या म्हणाल्या.

बाईंनी सुस्कारा सोडला. आजच्या आज बंद करा म्हणाल्या, तांब्यासुद्धा बदला म्हणाल्या, आणि वाढवलेली गोळी तशीच साध्या पाण्याबरोबर चालू ठेवून दोन आठवड्यांनी या. “आकडा न उतरायचं कारण तरी सापडलं,” त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात हसू होतं की काय, कुणास ठाऊक. मी फोन ठेवणार तेवढ्यात आत्यांनी माझा हात धरला.

“इचार त्यास्नी,” त्या म्हणाल्या.

“काय विचारू?”

“मागल्या टायमाला बी घातली व्हती.”

मला आधी अर्थच लागला नाही. मागच्या वेळी म्हणजे जे कुणालाच ठाऊक नव्हतं तेव्हा.

“मागल्या टायमाला बी मला ठाव व्हतं,” आत्या म्हणाल्या. “तवा पान्याच्या हंड्यातच घालत व्हते. मंग ते माज्यामुळं गेलं का गं?”

त्यांचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. एवढी मोठी बाई, टँकरवाल्याला थरथर कापायला लावणारी, माझा हात सोडत नव्हती. मघाचा माझा सगळा राग कुठं गेला ते मला कळलं नाही. मी म्हणाले, “आत्या, तेव्हा मला गोळीच नव्हती. गोळी नव्हती तर चुना कशाला आड येणार? तुमच्यामुळं काही गेलं नाही.” त्यांना पटेना. मी फोन स्पीकरवर टाकला. डॉक्टरबाईंनी तेच सांगितलं, सावकाश, दोन वेळा. “तुमच्या निवळीनं काही झालं नाही, सासूबाई.” दुसऱ्यांदा ऐकल्यावर आत्यांनी मान हलवली आणि पदरानं नाक पुसलं. मग उठून तो तांब्या घेतला आणि बाहेर जाऊन राखेनं इतका घासला की त्याला पडलेला जुना पोचा सपाट झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोळी साध्या पाण्याबरोबर घेतली आणि नेहमीसारखी कट्ट्यावर जाऊन बसले. आता चहाचं काय करायचं हा प्रश्न होताच, कारण मामांना आत्यांनी अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला बसवलं होतं. आणि काकी तर आज दिवस उजाडायच्या आत आल्या होत्या. आदल्या दिवशीची माझी ‘आत्या!’ ही आरोळी त्यांनी खिडकीतून ऐकली होती. त्यांनी स्वतःच किटलीतून कप भरला, माझ्यापुढं धरला आणि माझ्या नाकाकडं नजर लावली. “घे की गं. गरम हाय तवर.”

अंगणात टँकर लागलेला होता. वरच्या गॅलरीत भाडेकरू बादल्या घेऊन उभे होते. मी कपाकडं हात नेला.

“तिला देऊ नगा,” आत्या स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या. आवाज एवढा मोठा की टँकरवाल्यानं वळून बघितलं. “तिला दिवस गेल्यात. तिसरा लागलाय. गळ्याची गोळी घेती ती सकाळी, तासभर पान्याबिगर काय बी चालत न्हाई. कुनी चा द्यायचा न्हाई, दूद द्यायचं न्हाई. ऐकलं का सगळ्यांनी?”

काकींच्या हातातला कप तसाच राहिला. आजवर त्यांचा निकाल त्यांच्या हातातून कुणी असा भर अंगणात हिसकावून घेतला नव्हता. “अवो, तीन म्हयनं पुरं व्हायच्या आत?” त्या कशाबशा म्हणाल्या. “आन तुमी सोताच्या तोंडानं सांगताय?”

“माज्याच तोंडानं सांगतीया,” आत्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

त्यानंतरचे दिवस मी कैदेत काढले असं म्हणायला हरकत नाही. वरचा भाडेकरू गॅलरीतून ओरडायचा, “भाभी, गोली खा ली?” टँकरवाला पाइप जोडण्याआधी विचारायचा, तास झाला का. काकींनी तर निकाल द्यायचं काम सोडून राखणीचं काम धरलं. विरजण घेऊन त्या माझ्याजवळ तासभर बसून राहायच्या आणि कुणी शेंगदाणा जरी पुढं केला तरी त्याच्या हातावर चापटी मारायच्या. एकदा मी नुसतीच जांभई दिली तर म्हणाल्या, “तोंडात काय टाकलंस?” उलटीसाठी मोटार लावायची गरज उरली नाही, त्यामुळं पाणी पुन्हा कमी पडायला लागलं. सगळ्यांत मोठं नुकसान मामांचं झालं. ते शेवग्याखाली बसून बिनसाखरेचा चहा प्यायचे आणि माझ्याकडं असं बघायचे की मला आपणच त्यांना फसवल्यासारखं वाटायचं.

दोन आठवड्यांनी आकडा उतरला. त्यानंतरच्या तपासणीला आणखी उतरला, आणि डॉक्टरबाई म्हणाल्या, आता हवा तिथं आला. त्या दिवशी आत्या माझ्याबरोबर आल्या होत्या. सोनोग्राफीच्या खोलीत त्यांना आत घेतलं. पडद्यावर त्यांना काही समजलं नाही, पण ठोके ऐकवले तेव्हा त्यांनी माझ्या पायाचा अंगठा धरला आणि बराच वेळ सोडला नाही. बाहेर आल्यावर त्या एकदम म्हणाल्या, “पळतंय का काय आतमंदी?”

नवरा गाडी काढायला गेला होता. आम्ही दवाखान्याच्या पायरीवर बसलो. मला चेष्टा करायची हुक्की आली. तिसरा महिना कालच पुरा झाला होता, आणि आज सांगायला आमच्याकडं कुणी उरलंच नव्हतं. मी म्हणाले, “आत्या, गाभण म्हशीबद्दलसुद्धा तुम्ही कुजबुजता. आणि माझं टँकरवाल्यासमोर सांगून मोकळ्या झालात. गोळीचं कायतरी दुसरं सांगता आलं असतं की. भीती नाही वाटली?”

“लई वाटली,” आत्या म्हणाल्या. “आत जाऊन कप धुवाया घेतलं, आन मधीच उठून देवाफुडं जाऊन बसले. कप तसंच ऱ्हायलं.”

“मग कशाला सांगितलंत?”

 “मागल्या टायमाला तू उशीत तोंड घालून रडत व्हतीस,” त्या म्हणाल्या. “मी भिताडाच्या अल्याड बसून ऐकत व्हते. कुनी कुनाला काय सांगितलंच न्हवतं, तर मी काय म्हनून आत यायचं? काय म्हनून तुला जवळ घ्यायचं? तसंच बसले दोन दिस.” त्यांनी पदर खांद्यावर ओढून घेतला. “ह्या टायमाला म्हनलं, काय वंगाळ झालंच, तर मला आत येता तरी यावं.”